तणमोर वावरात उतरला तर काय करायचं: तारीख सोडा, पाऊस बघा

जुलै लागला की अकोला-वाशिमकडच्या कुठल्यातरी गावातून हमखास विचारणा येते, की सोयाबीनमधे एक काळा पक्षी सारखा उड्या मारतोय, तितर नाही, दुसरंच काहीतरी आहे. हे दुसरंच काहीतरी बरेचदा तणमोर निघतो. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. फॉरेस्टला सांगायचं का, सांगितलं तर जमीन अडकेल का, फवारणी थांबवायची का, गवत कधी कापायचं. याची उत्तरं एका जागी कुठे सापडत नाहीत म्हणून हे लिहितोय, आणि हे मुख्यतः ज्यांच्या वावरात किंवा गावच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर हा पक्षी येतो त्यांच्यासाठी आहे, कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी कमी.

परिस्थिती थोडक्यात सांगतो. तणमोर म्हणजे माळढोकाचा लहान भाऊबंद, गुजरात-एमपीकडे याला खडमोर, खरमोर म्हणतात. १९९९ च्या अंदाजात देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास होते, २०१७-१८ च्या सर्वेक्षणात आकडा सातशेच्या खाली आला. २०२१ पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. वीण होते ती मुख्यतः राजस्थानात अजमेरजवळ शोकलिया, गुजरातमधे वेळावदर, एमपीत सैलाना-सरदारपूर आणि आपल्याकडे अकोला-वाशिमचा पट्टा, फार थोडं उरलंय. आणि यातली मोठी जमीन अभयारण्य नाहीच, लोकांची वावरं आणि चराईची राखीव रानं आहेत. म्हणजे हा पक्षी राहणार की जाणार हे कापणी कोण कधी करतो आणि फवारा कुठवर मारतो यावर ठरतं.

पक्षी तोच आहे का हे आधी बघा

नर ओळखायला सोपा, पण फक्त पावसाळ्यात. डोकं, मान, पोट काळं, पंखावर पांढरा भाग, आणि डोक्याच्या मागून निघून वर वळलेली तीन-चार बारीक पिसं ज्यांची टोकं चपटी असतात. आकार साधारण गावठी कोंबडीएवढा, पाय लांब. मादी नरापेक्षा मोठी, भुरकी, ठिपके-रेघा असलेली, ती गवतात दबून बसली तर दोन पावलांवरून दिसणार नाही. पावसाळा संपला की नराचा काळा रंगही जातो आणि मग दोघंही सारखेच मातकट.

खरी ओळख उडीची. ढगाळ सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शांत बसा, हातात मोबाईल नको. आधी गवतातून नुसती मान वर येते, तो इकडे बघतो तिकडे बघतो, आणि एकदम पंख फडफडवत सरळ वर, माणसाच्या उंचीएवढा, मान मागे ओढलेली, पाय आखडलेले, सोबत बेडकासारखा टर्रर आवाज, आणि वर गेला न गेला की धप्पकन खाली. दोन मिनिटांनी परत तेच. एकेका नराच्या दिवसाला ५०० पर्यंत उड्या मोजलेल्या आहेत, त्यामुळे तो असेल तर तुम्हाला दिसणारच, शोधत फिरायची गरज नाही. तितर उडाला की सरळ लांब निघून जातो, टिटवी डोक्यावर येऊन ओरडते, लावा मुठीएवढा असतो. गल्लत होण्यासारखं काही नाही.

एकाच जागी दोन-तीन दिवस उड्या दिसल्या म्हणजे ती त्याची हद्द. मादी आसपास कुठेतरी आहे असंच धरून चाला, तिला शोधायला जाऊ नका. मादी जमिनीवर साध्या खळग्यात ३-४ अंडी घालते, २१ दिवस एकटीच उबवते, नर काहीही मदत करत नाही. तुम्ही शोधायला गेलात की ती उठते, अंडी उघडी पडतात, कावळा वरून बघतच असतो.

वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या गटात किंवा कोणाच्या वावरात, गवत घोट्याएवढं की गुडघ्याएवढं, शेजारी पीक कोणतं. लोकेशन व्हॉट्सॲपवर टाकू नका. अगदी गावच्या ग्रुपवरसुद्धा नको, कारण ग्रुपमधला एक फोटोग्राफर पाचजणांना सांगतो आणि रविवारी गाड्या गवतात. कुठल्या ॲपवर नोंद करायची असेल तर तालुक्याचं नाव टाकून थांबा.

पाऊस कसा मोजायचा आणि का

आता मुख्य गोष्ट. गवत राखायचे जे काही नियम आजवर सांगितले गेले ते तारखेवर बांधलेले आहेत, सप्टेंबरअखेर कापा, अमक्या महिन्यात चराई बंद वगैरे. पाऊस जोवर वेळेवर यायचा तोवर हे ठीक होतं. आता तसं राहिलं नाही. ऑगस्ट २०२३ आठवा, १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि त्याच वर्षी जुलैत यवतमाळकडे पुराने वावरं खरडून नेली. एकाच हंगामात दोन्ही. तणमोराची वीण पावसालाच बांधलेली आहे, पहिला चांगला पाऊस होऊन गवत फुटलं आणि किडे झाले की तो उतरतो, पाऊस कमी तर काही ठिकाणी येतच नाही. मग पाऊस पंधरा दिवस सरकला की घरटंही सरकतं. पण हार्वेस्टरवाला, गवताचा ठेकेदार आणि मजुरांची टोळी मात्र ठरल्या तारखेलाच येतात. पिल्लं मरतात ती या फरकात.

म्हणून पावसाची वही ठेवा. प्लास्टिकचं साधं पर्जन्यमापक दोन-चारशे रुपयांत मिळतं, ते झाडाखाली किंवा भिंतीला लागून नको, उघड्यावर खांबाला बांधा आणि रोज सकाळी साडेआठला बघा, हवामान खात्याची वेळही तीच आहे म्हणजे तुलना करता येते. महावेधचं, म्हणजे सरकारी हवामान प्रकल्पाचं, केंद्र महसूल मंडळात एखादंच असतं, आणि मंडळात ६० मिमी पडला असं मोबाईलवर दिसतं तेव्हा तुमच्या माळावर थेंबही नसतो, हे काही तुम्हाला नवीन नाही.

वहीवरून तीन गोष्टी ठरवायच्या.

पेरणीसाठी आपण ७५ ते १०० मिमी पावसाची वाट बघतो ना, तोच आकडा इथेही धरा. तेवढा पाऊस झाला की तिथून तणमोराचा हंगाम सुरू झाला असं समजा आणि राखायच्या गवतात ढोरं जाणं बंद करा. जूनमधे झाला तर जूनपासून, जुलैच्या २० ला झाला तर तिथून.

दुसरं, शेवटची उडी कधी दिसली ती तारीख. तिच्यापुढे निदान ६ ते ८ आठवडे त्या तुकड्याला हात लावू नका. हिशेब सरळ आहे, २१ दिवस उबवणी, आणि पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच आईमागे चालायला लागतात पण नीट उडायला आणखी काही आठवडे जातात. तोवर धोका आला की पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात, आणि विळा असो की मशीन, दबून बसणाऱ्याला वाचता येत नाही.

तिसरं, मोठा खंड. मधे तीन-चार आठवडे पाऊस गायब झाला आणि नंतर सप्टेंबरात परत जोर धरला तर उड्या पुन्हा सुरू होतात का बघा. झाल्या तर घड्याळ पुन्हा शून्यावर. त्या वर्षी कापणी निदान ऑक्टोबर संपेपर्यंत ढकलावी लागेल, गवत थोडं निबर होईल, पर्याय नाही.

गवत राखायचं म्हणजे नुसतं कुंपण घालून सोडायचं नाही

बऱ्याच लोकांचा समज असा की माळ बंद केला, काम झालं. पूर्ण बंद केलेला माळ दोन-तीन वर्षांत कमरेच्या वर जातो, दाट होतो, मग त्यात नराला उडी मारून दिसता येत नाही आणि पिल्लांना चालता येत नाही. त्याला गुडघ्यापर्यंतचं, मधे मधे मोकळं असलेलं गवत लागतं. मारवेल, पवन्या, कुसळी असं मिश्र. त्यामुळे चराई पाहिजे, पण नंतर आणि हलकी.

ई-क्लास किंवा मोठं पडीत असेल तर तीन तुकडे करा. एक यंदा चराईला, एक कापणीला, एक पूर्ण राखीव, आणि दरवर्षी फिरवा. तुकडे पाडताना एक गोष्ट बघा जी पूर्वी बघावी लागत नव्हती: राखीव तुकडा सगळा सखल भागात येऊ देऊ नका. दिवसात शंभर-दीडशे मिमी कोसळला तर खोलगट जागेतलं घरटं गेलंच म्हणून समजा. थोडा उतार, थोडं टेकाड, थोडा सपाट असं एकाच तुकड्यात आलं पाहिजे, म्हणजे ओल्या वर्षी मादी वर सरकेल आणि कोरड्या वर्षी खाली जिथे गवत हिरवं राहतं तिथे. कुठली जागा निवडायची ते तिला कळतं, आपण फक्त दोन्ही जागा शिल्लक ठेवायच्या.

कापणीची पद्धत. शेताच्या कडेने गोल गोल फिरत आत यायची आपली सवय आहे, मशीन असो की मजूर. यात सगळे जीव मधे मधे ढकलले जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. उलट करा. एका बाजूने सुरू करून ज्या बाजूला तूर किंवा उभं गवत आहे तिकडे जा, आणि शेवटचा पाच-सहा मीटरचा पट्टा तसाच सोडा. मशीनच्या पुढे एक माणूस काठी आपटत चालू द्या. हार्वेस्टरवाल्याला हे सांगितलं की तो म्हणतो, दादा डिझेल जास्त जाते, फेरे वाढतात. जातं, खरं आहे. त्याला एकरामागे थोडे पैसे जास्त द्या आणि रात्रीची कापणी तेवढी करू नका म्हणावं, लाईटमधे दबलेला पक्षी कोणालाच दिसत नाही.

जिथे ग्रामपंचायत गवताचा लिलाव करते तिथे लिलावाच्या अटीतच लिहून घ्या की राखीव तुकड्याची कापणी ग्रामपंचायतीने सांगितल्यावरच. तारीख लिहू नका, 'सांगितल्यावर' लिहा. ठेकेदार कुरकुर करेल, बोली थोडी कमी येईल, ती तूट कशी भरायची ते पुढे सांगतो.

वणव्याचं राहिलं. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढून घ्या, फेब्रुवारी उजाडायची वाट बघू नका, उन्हाळा आता लवकर तापतो. दरवर्षी सगळा माळ जळाला की बारमाही गवतं मागे पडतात आणि पुढच्या पावसात नुसतं तण आणि गाजरगवत उठतं.

झाडं, चर आणि सोलर

इथे लोकांना राग येतो पण सांगायलाच हवं. गवताळ माळावर झाडं लावू नका. वड नको, कडुलिंब नको, गिरीपुष्प तर नकोच, मियावाकी (दाटीवाटीची लागवड) पण नको. आपल्याकडे माळ म्हणजे रिकामी जागा, पडीक, काहीतरी लावलं पाहिजे अशी समजूत इतकी घट्ट आहे की २०१९ मधे ३३ कोटी झाडांचं टार्गेट आलं तेव्हा खड्डे सगळ्यात आधी कुठे पडले असतील ते सांगायला नको. झाड लावलं की काय होतं? कावळ्याला, शिक्र्याला बसायला जागा होते, खालचं गवत बदलतं, आणि उघड्यावर चारी बाजू दिसल्याशिवाय ज्याला सुरक्षित वाटत नाही तो पक्षी ती जागा सोडतो. माळढोकासाठी राखलेल्या सोलापूरजवळच्या नान्नजलाही माळावरच्या लागवडीचा त्रास झालेलाच आहे.

हवामान बदलतंय म्हणून झाडं लावतो असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की गवत आपला कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतं, वणवा लागला तरी तो खालीच राहतो. विदर्भातल्या मुरमाड माळावर लावलेली झाडं तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत निम्मी तरी टिकतात का, जाऊन मोजा. झाडं लावायचीच असतील तर गावठाणात लावा, शाळेत लावा, रस्त्याला लावा, तिथे सावलीची खरी गरज आहे. माळावर वेडी बाभूळ, घाणेरी, सुबाभूळ घुसली असेल तर उलट ती काढायचं काम घ्या, रोहयोतून मजुरी बसवता येते का ग्रामसेवकाला विचारा.

दुसरी गोष्ट चरांची. पाणलोटाच्या कामात जेसीबी लावून माळभर सलग समतल चर खोदतात. पाणी मुरतं, नाही म्हणत नाही, पण अख्खा माळ नांगरल्यासारखा उलथा होतो आणि खोदलेल्या मातीवर गवत नाही, गाजरगवत येतं. त्यात पिल्लू चरात पडलं आणि वरून पाऊस आला तर त्याला बाहेर निघता येत नाही. पाणी अडवायचं असेल तर नाल्यात बांध घाला, माळाच्या पायथ्याला घाला, माथ्यावरचं गवत स्वतःच पाणी अडवतं.

आणि आता सोलर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सबस्टेशनजवळची सरकारी जमीन, गायरानं मागितली जातात. मी सोलरच्या विरोधात नाही, दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-विंचवातून मोटर चालू करायला जावं लागणार नाही, ते कोणाला नको आहे. पण एकाच गावात दोन-तीन जागा असतात, एक दगडी खदान, एक बेशरम माजलेली पडीत, आणि एक चांगला गवताळ माळ, आणि नकाशावर तिन्ही सारखेच दिसतात. त्यातली कोणती द्यायची हे गावाने आधीच ठरवून लेखी दिलं नाही तर सपाट आणि स्वच्छ म्हणून माळच जातो. तणमोराची नोंदवही इथे कामाला येते, तीन वर्षांच्या तारखा समोर ठेवल्या की बोलणं सोपं जातं.

पिकात काय बदलायचं

शोकलियात हा पक्षी मूग-ज्वारीच्या वावरांतून आणि मधल्या गवतातून राहतो. आपल्याकडे ज्वारी गेली, मूग-उडीद कमी झाला, सोयाबीन आलं, आणि सोयाबीनसोबत तणनाशक आलं. सोयाबीन बंद करा असं मी सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. पण धुऱ्यालगतच्या पाच-सहा ओळी आणि धुरा, एवढ्यावर तणनाशक आणि कीटकनाशक मारू नका. तिथे ज्वारी-मुगाचा पट्टा टाकता आला तर फारच छान, ढोरांना कडबाही होतो.

पिल्लांना पहिले काही आठवडे किडेच लागतात, नाकतोडे, अळ्या, भुंगे. आपण चक्रीभुंगा किंवा खोडमाशी दिसायच्या आधीच कृषी केंद्रवाल्याने सांगितलं म्हणून पहिली फवारणी करून टाकतो, बरेचदा दोन-तीन औषधं एकत्र करून. नुकसानीच्या पातळीपर्यंत कीड गेली का हे मोजून मग मारा, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क मारा, पक्षी दिसला त्या भागात तर एखादी फवारणी वगळूनच टाका. खर्च वाचतो तो वेगळाच.

घरटं सापडलं तर

डवरणी करताना किंवा निंदताना बाया मादी उठवतात तेव्हाच बहुतेक घरटी कळतात. तिथल्या तिथे काम थांबवा आणि सगळ्यांना आल्या वाटेने मागे घ्या. अंड्यांना हात नको, फोटो नको, झाकायला फांद्या नकोत. घरट्याजवळ झेंडा किंवा काठी अजिबात रोवू नका, कावळ्याला आणि पोरांना ती खूण पुरते. खूण करायची ती धुऱ्यावर, दगड ठेवा आणि मनात ठेवा की इथून सरळ अमक्या ओळीत इतकी पावलं.

मग सगळ्या बाजूंनी १५ मीटर सोडून बाकी वावराचं काम चालू ठेवा. पंधरा मीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण ७ गुंठे. एकरी ७ क्विंटल उतारा धरला तर सव्वा क्विंटल सोयाबीन, २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने साडेसहा हजार, आणि हमीभाव प्रत्यक्षात किती मिळतो ते आपल्याला माहीत आहे. ते सगळं पीक जातं असंही नाही, उशिरा काढलं तर काही शेंगा तडकतात, तण माजतं, एवढंच. पण हे नुकसान शेतकऱ्याने एकट्याने का सोसावं? सैलान्याकडे वनखात्याने खरमोराची खबर देणाऱ्या आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस द्यायची योजना चालवली. तसंच गावपातळीवर करता येतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या खात्यात थोडी रक्कम ठेवा, कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) मागा, पक्षी बघायला येणाऱ्यांकडून घ्या, आणि ती पिल्लं निघाल्यावर द्या, आधी नको. लिलावातली तूटही यातूनच भरायची.

वनखात्याला कळवायचं का? हो. तणमोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, अंडी हलवणं, पिल्लू घरी नेणं हा गुन्हा होतो, हेतू चांगला असला तरी. बीटच्या वनरक्षकाला फोन करा नाहीतर १९२६ वर हॅलो फॉरेस्टला. जमीन अडकते ही भीती समजते, ती नान्नजमुळे आली आहे. तिथे १९७९ मधे माळढोक अभयारण्य झालं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं सगळी आली, खरेदी-विक्रीला अडचणी आल्या, लोकांना पक्षी म्हणजे सातबारावरचा बोजा वाटू लागला. नंतर क्षेत्र कमी करून बाराशेच्या घरात आणलं तोवर माळढोकही जवळपास संपले होते. पण वावरात एक घरटं कळवल्याने अभयारण्य होत नाही, ती प्रक्रिया फार लांबची आहे.

जखमी पक्षी मिळाला तर पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडून, आत सुती कापड, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दाणे टाकू नका, फोन करा.

कुत्री, कुंपण, कॅमेरे

मोकाट कुत्रा हा माळावरचा आताचा सगळ्यात मोठा शिकारी आहे, लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त. मेलेली ढोरं आणि पोल्ट्रीची घाण माळावर टाकणं बंद केलं तरी कुत्री बरीच कमी फिरकतात. शेतमजुरांसोबत येणारी कुत्री हंगामात बांधून ठेवायला सांगा.

रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी जाळीचं कुंपण घालणाऱ्यांना दोष देता येत नाही, एका रात्रीत वावर साफ होतं. जाळी खालून वीतभर उचलून बांधा आणि वरच्या तारेला पांढऱ्या पट्ट्या लावा. कुंपणात करंट सोडू नका, त्यात माणसंही मेलेली आहेत.

फोटोवाल्यांना नियम एकच, धुऱ्याच्या पलीकडे पाय नाही. आवाज वाजवून नराला बोलावणारा दिसला तर गाडीचा नंबर घ्या.

ज्यांना माळ वाचता येतो

या सगळ्या कामात ज्यांना सगळ्यात आधी विचारायला हवं त्यांना आपण शेवटी विचारतो. फासेपारधी लोकांना तणमोर कुठल्या वळणाने गवतात शिरेल, मादी कुठल्या बाजूने घरट्यावर जाईल, हे न बघता सांगता येतं. शिकार हा त्यांचा पिढीजात धंदा, कायद्याने तो बंद झाला आणि बदल्यात काही दिलं नाही. अकोला-वाशिमकडे आता त्यांच्यातल्याच लोकांनी गवताळ पट्टे राखायला घेतलेत, तिथे गवतही परत आलं आणि पक्षीही. राखणदार नेमायचा तर त्यांच्या वस्तीवरचाच नेमा, आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्या, मानधन नको, जून ते ऑक्टोबर तरी रीतसर पगार. सेवाभावी वगैरे शब्द वापरून फुकट राबवू नका.

सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडच्या वाचकांसाठी एक: अजमेरकडे ट्रान्समीटर लावलेले काही तणमोर हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर येऊन राहिल्याचं नोंदलं गेलंय. तेव्हा नरही मातकट असतो, उड्या नसतात. हरभऱ्यात किंवा वाळल्या गवतात लांब मानेचा, कोंबडीएवढा भुरका पक्षी पायाखालून उठला तर तितर म्हणून सोडून देऊ नका, वनरक्षकाला कळवा.

कागदाचं काम मात्र पावसाळ्यात नाही, त्याआधी. जेसीबी येतो एप्रिल-मेमधे आणि लागवडीचे खड्डेही तेव्हाच पडतात, त्यामुळे १ मेची ग्रामसभा चुकवू नका. अर्जात चारच ओळी पुरतात: गट नंबर अमुक हा गवताळ माळ आहे, इथे तणमोराच्या अमुक वर्षांच्या नोंदी आहेत, इथे वृक्षलागवड, चर आणि सोलर नको, गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (जैवविविधता समिती ठेवते ती) नोंद करावी. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा, ठरावाची प्रत सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि एक प्रत रेंज ऑफिसला, एक तहसीलला इनवर्ड करून पोच घेऊन ठेवा.